पावातली साठ कार्डं

१

निजलेल्या बाळावरचं पांघरूण सारावं तशी वांडाने पेटीवरच्या कापडाची दोन टोकं धरून ती हळूच वर घेतली, आणि तिचे हात तिथेच थांबले.

“ऑर्व्हिल,” ती म्हणाली, “बेनी कुठाय?”

ऑर्व्हिल टन्स्टॉल चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडत होता. नदीकाठच्या साऱ्या गावांमध्ये त्याने उभी हयात बेसबॉलचा अंपायर म्हणून काढली होती. आता गुडघे गेले होते, पण नजर तीच होती. अजूनही तो कुणाकडे रोखून बघू लागला की मोठमोठे बाप्ये खिशातले हात बाहेर काढत.

तो जवळ आला. काचेच्या झाकणाची ती पसरट लाकडी पेटी वांडाच्या भावाची, लेप ह्रुस्काची. पेटीवर दिवा लटकत होता आणि त्याच्या ऊबदार उजेडात दहा-दहाच्या सहा रांगा पसरल्या होत्या. हॅरोज बेंड गावच्या कॅसलर बेकरीने लेपच्या लहानपणी पावासोबत दिलेली ही कार्डं. भट्टीतून निघालेल्या पावावर कार्ड ठेवायचं आणि वरून कागद गुंडाळायचा. गरम पावाच्या पाठीवर पडून पडून कार्डाला जन्मभराचा बाक यायचा. म्हणून तर उजेडाखाली सगळे खेळाडू पोट पुढे काढून उभे असल्यासारखे दिसत होते. फक्त पाचव्या रांगेच्या सुरुवातीचा लेफ्टी ऑम्स्टेड, कालच आलेला, नव्या नवरीसारखा अंग चोरून बसला होता.

आणि दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. बारा नंबर. कॅचर बेनी सोकोल.

“पडलं असेल.”

“झाकण काय आपोआप उघडलं? दोन हात लागतात त्याला.” वांडाचा आवाज चिरकला. “आज, ऑर्व्हिल! आजच्या दिवशी!”

आजचा दिवस काय होता ते ऑर्व्हिलला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. लेपने हा संच जमवायला सारं आयुष्य घातलं होतं. एकही कार्ड त्याने पैशाने घेतलं नव्हतं की कुणाकडून फुकट घेतलं नव्हतं. कार्डाला कार्ड, हाच त्याचा धर्म. पोलाद कारखान्यातली पाळी संपवून तो तसाच काजळल्या हातांनी गाडीत बसायचा, तीन गावं ओलांडायचा, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मग कुठे समोरच्याचं कार्ड हातात घ्यायचा. लेफ्टी मधेच दुसऱ्या संघात पळाला म्हणून बेकरीने त्याचं कार्ड लगेच थांबवलं होतं. ते एकच राहिलं होतं. काल संध्याकाळी तेही आलं. आज बारा वाजता इथल्या कार्डांच्या प्रदर्शनाला फिलाडेल्फियाचे परीक्षक प्रुइटसाहेब येणार, सगळ्यांसमोर कापड उचललं जाणार.

यापुढचं फक्त ऑर्व्हिलला माहीत होतं. लेपच्या नजरेच्या मधोमध राखेचा डाग पडला होता आणि तो पसरत होता. डॉक्टरांकडे ऑर्व्हिलच त्याला न्यायचा. “पानगळ संपेपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या,” असं डॉक्टर म्हणाले होते. परतताना लेपने त्याला शपथ घातली होती, ‘कुणाला बोलायचं नाही.’

वर प्रार्थना चालू होती. लेप तिथे बसला होता. अपुऱ्या संचावरचं कापड परीक्षकांसमोर उचलायचं नाही, हा इथला रिवाज.

“कापड टाक,” ऑर्व्हिल म्हणाला. “आणि रडू नकोस. तुझ्या पिरोग्या खारट होतील.”

पण त्याला एक गोष्ट टोचत होती. ज्या लेफ्टीसाठी माणसं जीव टाकतात, तो जागेवर होता. आणि बेनी सोकोल तर घरोघर असायचा. कॅसलरच्या दर दुसऱ्या पावात तोच निघायचा. कंटाळून लोक त्याला ‘पुन्हा बेनी’ म्हणत.

तिजोरी उघडून चोराने रद्दी का न्यावी?

२

स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. वांडा बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पिरोग्या उकळत्या पाण्यात सोडत होती आणि दर पिरोगीमागे एक हुंदका.

“दिवा कुणी लावला?”

“मीच. आल्या आल्या. तळघरात ओल असते ना, काचेवर घाम धरतो. लेप म्हणाला होता, जरा ऊब मिळाली की कार्डं जागी होतात.” तिने डोळे पुसले. “त्याचं असलंच बोलणं. कार्डं निजतात, कार्डं जागी होतात. माझ्या लग्नात रडला नाही तेवढा त्या ओहायोच्या माणसाने शॉर्टस्टॉपचं कार्ड दिलं तेव्हा रडला होता.”

“पेटीजवळ कोण गेलं?”

“मी इथे चुलीशी. दारातून दिसलं तेवढं सांगते. आधी मार्व्हिन गाइसलर उभा होता. मग डेल्फीन. कापडाशी काहीतरी करत होती ती.” तिने झारा उगारला. “ही डेल्फीनच! जिल्ह्यात पुरा संच फक्त तिच्याकडे. आज दुसरा होणार, ते खुपलं असेल तिला.”

“आणि तू? पेटीवर कापड तूच घातलंस. सकाळपासून इथे तूच.”

वांडाचा झारा हवेतच राहिला. “ऑर्व्हिल टन्स्टॉल, तू मला विचारतोस?”

“अंपायरला नातं नसतं, वांडा.”

“बेनीला मी हात लावीन?” ती चिडून रडत रडत बोलू लागली. “आमची आई बेकरीतून पाव घेऊन आली होती. वडील संपावर होते, घरात दुसरं काही नव्हतं. लेपने कागद सोडला आणि आतून बेनी निघाला. पहिलं कार्ड! पोरगा पाव खायचा विसरला. आईने तेव्हा त्याला हसताना पाहिलं, आणि पुढच्या मंगळवारी ती गेली. दुसरे हजार बेनी आण, लेप त्यांच्याकडे बघणारसुद्धा नाही. तो बेनी नाही, आईच्या हातचा पाव आहे तो!”

ऑर्व्हिलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग बाहेर आला.

जिन्यावरून पावलं वाजली. प्रार्थना संपली की काय? नाही, डेल्फीन क्विन्बी खाली येत होती. आणि तिच्या हातात एक पांढरं पाकीट होतं.

३

“काय आहे त्यात?”

“चष्मा पुसायचं फडकं,” डेल्फीन म्हणाली आणि त्याच्या नाकासमोर पाकीट उघडून दाखवलं. “अजून काय पाहिजे? बूट काढू?”

डेल्फीन शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली तरी माणसांना उभं करून प्रश्न विचारायची सवय गेली नव्हती. तिचा संच भिंतीशी दुसऱ्या टेबलावर, तिच्याच पेटीत. दिवा मात्र नव्हता तिथे.

ऑर्व्हिलने बेनीचं सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली.

“बेनी? त्याच्या आईचा बेनी?” ती कुजबुजली. “अरे, तिसरीत असताना मी त्याला बेनीच्या बदल्यात चार कार्डं देत होते. चार! तर माझ्या अंगावर धावून आला हा. तेव्हापासून आमचं भांडण. तोही जमवायला लागला, मीही.”

“साठ वर्षं भांडलात?”

“छान भांडलो.” ती किंचित हसली. “मी माझी निम्मी कार्डं विकत घेतली, ऑर्व्हिल. चेक फाडला की कार्ड घरी. लेपने एकेक कार्ड पायाने मिळवलंय. माझा संच पुरा आहे, पण त्याच्या संचाला घामाचा वास आहे. हे त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.”

“कापडाशी काय करत होतीस?”

ती गोरीमोरी झाली. “कोपरा उचलला. पहिली रांग पाहिली आणि सोडून दिला. लेफ्टी त्याच्याकडे बघवला नसता मला. जळते रे मी, अजूनही.”

“मग तू लेफ्टीच नेला असतास.”

“साहजिकच. बेनी कशाला नेईन? त्याच्या काळजात सुरी घालायची असती तर नेला असता. पण मला त्याला हरवायचंय, मारायचं नाहीये.”

वर बाक सरकल्याचा आवाज झाला. घड्याळात साडेअकरा होत आले होते. ऑर्व्हिल वळला, तर मार्व्हिन गाइसलर कोट चढवून मागच्या दाराकडे निघाला होता.

४

“एवढ्यात निघालास, मार्व्हिन?”

“गाडीतून एक खोकं आणायचंय,” गाइसलर थबकून म्हणाला. लठ्ठ, गोड स्वभावाचा माणूस. काही वर्षांपूर्वी बफेलोहून इथे येऊन त्याने जुन्या कार्डांचं दुकान मांडलं होतं. त्याच्या टेबलावर कार्डं कडक प्लास्टिकच्या कवचांत शिपायांसारखी उभी असत. उघडं कार्ड दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. लेफ्टी ऑम्स्टेड लेपला त्यानेच दिला होता. बदल्यात लेपने आपल्या जादा कार्डांचा भरलेला डबा रिकामा केला होता.

“बेनी सोकोल गेला पेटीतून.”

“अरेरे.” गाइसलरने टोपी काढून पुन्हा घातली. “लेपला वाईट वाटेल. पण ऑर्व्हिल, त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. बेनीच गेला ना? माझ्याकडेच अर्धा डझन बेनी आहेत. लेपने एक बदलून घ्यावा, आज रात्री निजवावा, उद्या बसवावा. काय बिघडलं?”

“प्रुइटसाहेब उद्या इथे नसतील.”

“मग पुढच्या वर्षी! संच कुठे पळून जातोय?”

निजवण्याचं हे काम इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. पावाच्या बाकाचं कार्ड टिपकागदात घालून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. न निजलेलं कार्ड पेटीत घातलं तर काच त्याचा चेहरा खरवडते. म्हणजे आज मिळालेला बेनी आज चालणार नव्हता. ज्याने कार्ड नेलं, त्यालाही हे माहीत होतं. त्याला एक दिवस हवा होता. फक्त एकच दिवस.

“मार्व्हिन, खोकं नंतर आण,” ऑर्व्हिल म्हणाला. “जरा थांब इथे.”

तो पेटीजवळ गेला, कापड बाजूला केलं आणि वाकला. कॅचरच्या मागे वाकून चेंडूची वाट बघावी तसाच.

इतका वेळ तो रिकाम्या जागेकडे बघत होता. आता त्याने भरलेल्या जागा बघितल्या. दिव्याच्या उबेत पोटं फुगवलेले सगळे. एक सोडून सगळे.

त्याने कापड पुन्हा नीट टाकलं.

५

त्याने गाइसलरला कोळशाच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“चोराला काय नको होतं ते आधी बघू,” ऑर्व्हिल सावकाश म्हणाला. “त्याला कार्ड नको होतं. कार्डासाठी आला असता तर लेफ्टी गेला असता. त्याला लेपला दुखवायचं नव्हतं. म्हणून त्याने सगळ्यात साधं, उद्या सहज मिळेल असं कार्ड निवडलं. त्याला एवढंच हवं होतं की आज कापड उचलू नये. फिलाडेल्फियाचं भिंग आज त्या पेटीवर फिरू नये.”

गाइसलरने कोटाच्या गुंड्या लावल्या.

“आता हा हळव्या मनाचा चोर कोण? वांडा नव्हे, डेल्फीन नव्हे. त्या दोघींना ठाऊक आहे, बेनी म्हणजे लेपच्या आईची शेवटची आठवण. कमीत कमी दुखवायचं म्हणून त्या बेनीला कधीच उचलणार नाहीत. ज्याला कार्डाचा भाव ठाऊक आहे पण गोष्ट ठाऊक नाही, असा माणूस पाहिजे. बाहेरून आलेला.”

“आईची...?” गाइसलरचा चेहरा पांढरा पडला. “देवा. मला कुणी सांगितलंच नाही.”

“आणि भिंगाची भीती का, ते दिव्याने सांगितलं. एकोणसाठ... म्हणजे बेनी असताना एकोणसाठ कार्डं उबेने फुगली. तुझा लेफ्टी लादीसारखा सपाट. तो कधी गरम पावावर निजलाच नाही, मार्व्हिन. कुठल्या तरी छापखान्यात नवा जन्मला.”

गाइसलर कोळशाच्या पेटाऱ्यावर बसला. “मला फसवलं रे. ज्याने विकला तो म्हणाला, वर्षानुवर्षं कवचात होता म्हणून सपाट झालाय. मी मानलं. लेपनेही मानलं. आज सकाळी मी कौतुकाने कापड उचललं, दिवा लागलेला होता, आणि...” त्याने तोंडावरून हात फिरवला. “वाटलं, सगळ्या गावासमोर तो प्रुइट म्हणणार, हे खोटं आहे. लेपचं तोंड आठवलं. एक वर्ष मिळालं असतं तर मी खरा लेफ्टी पाताळातून काढला असता.”

“बेनी कुठाय?”

गाइसलरने कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. कडक कवचात, कवचावर मऊ पिशवी, पिशवीवर रुमाल.

ऑर्व्हिलला हसू आलं. “चोरी करतानासुद्धा!”

“मग काय उघडं ठेवू? कोपरे मोडतील ना!”

“पुढच्या वर्षाला अर्थ नाही, मार्व्हिन,” ऑर्व्हिल म्हणाला आणि अडखळला. शपथ होती. “लेपला आजच...”

दार करकरलं. दारात लेप ह्रुस्का उभा होता. प्रार्थना संपवून तो नुकताच जिना उतरला होता, आणि बेनीचं नाव त्याने दाराबाहेर ऐकलं होतं.

६

“मला आज काय?” लेपने विचारलं.

लेप आत आला, हात पुढे करून थांबला. गाइसलरने त्या हातावर बेनी ठेवला. लेपने कवच सोडलं, अंगठा कार्डाच्या पाठीवरून फिरवला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

“हा माझाच. ह्याच्या कोपऱ्याला माझा दात लागलाय.” मग तो म्हणाला, “चला, आईला घरी ठेवू.”

तो पेटीशी गेला. मागे वांडा पिठाच्या हातांनी, डेल्फीन चष्मा सारखा करत. लेपने झाकण वर केलं, चाचपत दुसऱ्या रांगेत बेनी बसवला. मग, जसा शेतकरी उभ्या पिकावरून हात फिरवतो तसा, तो बोटं रांगांवरून नेऊ लागला. तिसरी रांग, चौथी. पाचवीच्या सुरुवातीला बोट थांबलं. पुढच्या कार्डावर गेलं, परत मागे आलं.



“मार्व्हिन,” लेप हळू म्हणाला, “हा पावातला नाही रे.”

“मला आज सकाळी कळलं, लेप. तुझा डबा तुला परत. सगळा. मी...”

“तुझी चूक नाही. माझी आहे.” लेपने झाकण धरलं तसंच ठेवलं. “असलं कार्ड मी रस्त्यापलीकडून ओळखायचो. पण मला आता मधलं दिसत नाही. बघायला गेलं की जे बघायचं तेच पुसलं जातं. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेस्तोवर कडाही जातील.” तो हसला. “म्हटलं, त्याआधी एकदा भरलेली पेटी बघून घ्यावी. असो. एकोणसाठ काय कमी झाली?”

वांडाने पिठाचा हात तोंडावर दाबला.

डेल्फीन मात्र तिथे नव्हती. ती तिच्या टेबलाशी गेली होती. तिथून ती आली तेव्हा तिच्या दोन तळव्यांमध्ये, पाखरू धरावं तसं, एक कार्ड होतं.

“हात पुढे कर, ह्रुस्का.”

लेपच्या बोटांना ते लागलं आणि तो मागे सरला. “नाही. डेल्फीन, नाही. मी फुकट घेत नाही.”

“फुकट कोण देतंय? मी क्विन्बी आहे, धर्मशाळा नाही. कार्डाला कार्ड! तो खोटा लेफ्टी दे मला.”

“तुझा संच मोडेल, बाई!”

“मोडू दे. माझे डोळे शाबूत आहेत. मला पुन्हा शोधायला वेळ आहे.” तिचा आवाज एकदम वर्गातला झाला. “आणि ह्या वेळी विकत नाही घेणार. तुझ्यासारखी गावोगाव फिरणार. तिसरीत चार देत होते तर घेतली नाहीस. आता एकाला एक. बोल लवकर, साहेब येतील.”

लेप ऑर्व्हिलकडे वळला. खेळातला असा पेच तो नेहमी त्याच्यावर टाकायचा.

ऑर्व्हिलने विचार केल्यासारखं केलं. “कार्डाला कार्ड झालं,” तो म्हणाला. “शिवाय हा लेफ्टी तिच्याकडे कैक वर्षं निजलाय. नियमात बसतं.”

लेपने आपल्या हाताने खोटं कार्ड काढून डेल्फीनला दिलं आणि खरं जागेवर ठेवलं. झाकण लागलं. वांडाने कापड घातलं, आणि तेवढ्यात जिन्यावर प्रुइटसाहेबांची काठी वाजली.

कापड उचललं गेलं. साहेबांनी भिंग काढलं, रांगेमागून रांग बघितली, पाचव्या रांगेशी बराच वेळ थांबले. मग भिंग खिशात ठेवून त्यांनी टोपी काढली. “कोपरा कोपरा माणसाने सांभाळलाय,” एवढंच म्हणाले आणि निळी फीत पेटीवर ठेवली. दुसऱ्या टेबलावरची झाकलेली पेटी बघून त्यांनी विचारलं, “मिस क्विन्बी, यंदा तुमचं नाही?”

“एक कमी आहे साहेब,” डेल्फीन मान ताठ ठेवून म्हणाली. “शोधतेय.”

लोक पिरोग्यांकडे वळले. गाइसलर लेपचा डबा आणायला गाडीकडे पळाला होता. लेप मात्र पेटीवर वाकलेला. पाखरासारखी मान तिरकी करून तो डोळ्याच्या कडेने एकेक रांग टिपत होता. डेल्फीन शेजारी उभी होती.

“दिसतं?” ऑर्व्हिलने विचारलं.

“गप्प,” लेप म्हणाला. “बघ, बघ! पाचवी रांग.”

दिव्याची ऊब काचेतून उतरली होती. इतकी वर्षं अंधारात निजलेल्या लेफ्टी ऑम्स्टेडच्या कडा हलकेच खाली वळल्या, मधला भाग वर आला, आणि इतर सगळ्यांसारखं त्याने पोट पुढे काढलं.

“जागा झाला,” लेप म्हणाला.

ऑर्व्हिलने दोन्ही हात बाजूला पसरले. मैदानात धावत आलेला खेळाडू वेळेत पोचला, बाद नाही, हे सांगायला तो पसरायचा, तसेच.